आयुष्यात दिल्ली न पाहिलेले काका

'गेल्या बारा महिन्यांत परदेशातल्या एखाद्या हॉस्पिटलात राहिला होतात का?' इथे इंग्लंडमध्ये वॉर्डात भरती होताना हा प्रश्न विचारतात, औषधांना न जुमानणारे जंतू बाहेरून येऊन पसरू नयेत म्हणून. उत्तर 'हो' आलं की पेशंट एकट्याच्या खोलीत, दारावर पाटी, आत जाणाऱ्या प्रत्येकाला एप्रन आणि हातमोजे, आणि पेशंटचा स्वॅब. तोही नाकातला नाही, गुदद्वारातला. आमच्या हॉस्पिटलात हा नियम पाळला जातोय ना, हे बघणाऱ्यांपैकी मी एक, मायक्रोबायोलॉजिस्ट, म्हणजे जंतूंची डॉक्टर. त्यामुळे त्याबद्दलच्या तक्रारी फिरत फिरत शेवटी माझ्याच टेबलावर येतात.

परवा आली ती मराठीतून. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) मुलाकडे यॉर्कशायरला आलेले नाशिककडचे काका. दिवाळीच्या आसपास तिकडे प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं, त्यानंतर बरेच दिवस लघवीची नळी. इथे आल्यावर थंडी वाजून ताप, रक्तदाब खाली, म्हणून भरती. मुलाने प्रश्नाचं खरं उत्तर दिलं आणि पुढचं सगळं यंत्रासारखं सुरू झालं. मुलगा भडकला. हा सरळसरळ वर्णद्वेष आहे, मी लेखी तक्रार करणार, वगैरे. वॉर्डच्या सिस्टरने मला फोन केला, 'तू त्यांच्याच भाषेतली ना? जरा येतेस का?'

काका चिडलेले नव्हते. ते जास्त अवघड. 'मॅडम, ही पोरं अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून आत येतात. चहाचा कप दाराजवळच्या टेबलावर ठेवून निघून जातात. आपल्याकडे कोणाला असं वागवत होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.'

मी माझं पाठ केलेलं उत्तर दिलं. काका, हे माणसावर नाही, हॉस्पिटलवर आहे. उद्या इथला गोरा माणूस ग्रीसला हाड मोडून तिथे भरती होऊन आला, तरी त्याला हीच खोली, हाच स्वॅब. यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. काकांनी शांतपणे विचारलं, 'मग या वर्षात ग्रीसहून असे किती आले?'

विषय बदलून मी त्यांच्या किडनीच्या रिपोर्टातलं क्रिएटिनिन बघत बसले.

दोन दिवसांनी स्वॅबचा रिपोर्ट आला. एनडीएम. म्हणजे कार्बापेनेम गटातली, आपण शेवटची म्हणून राखून ठेवलेली औषधं फोडून टाकणारं एन्झाइम बाळगणारे जंतू काकांच्या आतड्यात आरामात राहत होते. आजार त्यांच्यामुळे झाला असेलच असं नाही, पण ते होते. इथल्या रीतीप्रमाणे पेशंटला हे समजावून सांगावं लागतं आणि लेखी माहितीही द्यावी लागते. काकांनी कागद चष्मा लावून वाचला. 'न्यू डेल्ही म्हणजे आपली दिल्ली? अहो, ऑपरेशन नाशिकला झालं. मी आयुष्यात दिल्लीला गेलो नाही.'

मुलगासुद्धा हसला. त्या खोलीत तेवढंच हसणं झालं.

ज्यांना हे प्रकरण माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: भारतीय वंशाच्या एका स्वीडिश पेशंटच्या लघवीत २००८ साली क्लेब्सिएला हा जंतू सापडला. त्याआधी तो पेशंट नवी दिल्लीच्या हॉस्पिटलात राहिला होता. त्या जंतूतल्या नव्या एन्झाइमला २००९मध्ये 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज' हे नाव मिळालं. २०१०च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांवर मोठा लेख आला, आणि आपल्याकडे एकच गदारोळ उडाला. हा आपल्या मेडिकल टुरिझमवर घाव आहे, हे कारस्थान आहे, असं संसदेपासून पानटपरीपर्यंत बोललं गेलं. मी तेव्हा एमडी करत होते. आमच्या डिपार्टमेंटमध्येही आम्ही तावातावाने बोललो. कार्बापेनेम फोडणारं केपीसी हे एन्झाइम अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या हॉस्पिटलातल्या जंतूत सापडलं, त्याला कोणी 'कॅरोलिना' म्हटलं का? नाही. ते बिचाऱ्या क्लेब्सिएलाच्या नावावर खपवलं.

हा मुद्दा मी अजूनही पार्ट्यांमध्ये वापरते. पण एनडीएमच्याच कुळातल्या व्हीआयएम या एन्झाइममधला 'व्ही' इटलीतल्या व्हेरोनाचा आहे, एसपीएम साओ पावलोचं, एसआयएम सोलचं. व्हेरोनाच्या लोकांनी मोर्चा काढल्याचं काही ऐकिवात नाही. समोर गोरा सहकारी असला की मला कॅरोलिना आठवतं, समोर आपला माणूस असला की व्हेरोना. काकांना मी व्हेरोना सांगितलं. त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

खरं दुखणं असं की नियमामागचं शास्त्र मला पटतं. हे जंतू आपल्याकडे खरोखरच जास्त आहेत. का आहेत, तेही आपल्याला माहीत आहे. 'मेडिकल'मध्ये जाऊन 'ताप-खोकल्याचं द्या' म्हटलं की पुडीत सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक येतं. मार्च २०१४पासून शेड्यूल एच-वन ही अशा औषधांची सरकारी यादी लागू आहे. दुकानदाराने या यादीतल्या औषधांची वेगळी नोंद ठेवायची, कोणाला दिलं, कोणत्या डॉक्टरने लिहिलं, सगळं. ते रजिस्टर मी एका दुकानात पाहिलंय. मागच्या पानांवर उधारीचा हिशोब होता. २०१९मध्ये कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन (तेही शेवटचं म्हणून राखलेलं अँटिबायोटिक) द्यायला बंदी आली, ती चांगलीच झाली, पण तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं.

एवढं मान्य करूनही एक गोष्ट इथल्या लोकांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी शिकले त्या सरकारी हॉस्पिटलात मेडिसिनच्या वॉर्डात खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या असायच्या. रात्रपाळीला एक सिस्टर, फार तर दोन. तिने प्रत्येक पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवायचे ठरवले असते, तर तिची ड्युटी बेसिनपाशीच संपली असती. एकट्याची खोली हा शब्द तिथे आमदाराच्या मेव्हण्यासाठी राखीव. जंतू काही आपल्या संस्कृतीतून आलेले नाहीत, गर्दीतून आलेत. आणि हे साहेबही जन्मतः स्वच्छ नव्हते. २००४ ते २००६ मध्ये केंट परगण्यातल्या हॉस्पिटलांत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाबाच्या जंतूची एवढी मोठी साथ पसरली, की २००७च्या चौकशी अहवालाने सुमारे ९० मृत्यू तिच्या खाती टाकले. खाटा खेटून, नर्सेस कमी, अस्वच्छता. वाचताना वाटलं, हे तर आपलंच वर्णन. त्या काळच्या धक्क्यांनंतर इथे नियम असे करकचून आवळले गेले. म्हणजे यांनीही ठेच लागल्यावरच शहाणपण घेतलं. आपल्या ठेचेला मात्र दिल्लीचं नाव लागलं.

बघा, पुन्हा वाहवत गेले.

मला मुळात लिहायचं होतं ते फोनबद्दल. आपल्याकडे मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणजे तळमजल्यावर, शवागाराच्या बाजूला, रिपोर्टवर सही करणारी व्यक्ती. कल्चरचा, म्हणजे प्लेटांवर जंतू वाढवून पाहिल्याचा, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी वर जातो, तोवर सर्जनने मेरोपेनेम (त्याच कार्बापेनेम गटातलं) सुरू करून, वर कोलिस्टिन चढवून झालेलं असतं. रेसिडेन्सीत मी एकदा धीर करून एका युनिटला कळवलं, की सर, जंतू साध्या जेंटामायसिनला सेन्सिटिव्ह आहे. पलीकडून उत्तर आलं, 'मॅडम, तुम्ही प्लेटा बघा, पेशंट आम्ही बघतो.'

इथे मेरोपेनेम हवं असेल तर बहुतेक वेळा फार्मासिस्ट विचारतो, मायक्रोची परवानगी आहे का? त्यामुळे सर्जनला मला फोन करावाच लागतो. रात्री दोनला, मी घरी अंथरुणात, मांडीवर लॅपटॉप. मी विचारते: ताप कधीपासून, लॅक्टेट किती, किडनी कशी, आधी काय उगवलं होतं? पेनिसिलीनची ॲलर्जी? नक्की काय झालं होतं? अंगावर पुरळ की नुसती मळमळ? की लहानपणी झालं होतं असं आई सांगायची? (ॲलर्जी सांगणाऱ्यांतले बहुतेक जण नीट तपासल्यावर ॲलर्जिक निघतच नाहीत, पण तो शिक्का जन्मभर चिकटतो आणि त्यापायी साधं, चांगलं औषध नाकारलं जातं.) मग मी म्हणते, मेरोपेनेम नको, हे द्या, ४८ तासांनी पुन्हा बोलू. आणि माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस 'थँक यू' म्हणून तेच लिहितो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी फोन ठेवून नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, 'बरं', आणि कूस बदलली.

या मानासाठी मी बरंच काही माफ केलंय, हे मला कळतं. काकांच्या दारावरची पाटीसुद्धा त्यातलीच. माझ्या शब्दाला वजन आलं, आणि ते पडलं आपल्याच माणसाच्या पारड्यात.

ज्यांना प्लेटांची ओढ आहे त्यांच्यासाठी मात्र वाईट बातमी आहे. इथे डॉक्टर मायक्रोबायोलॉजिस्ट बेंचवर काम करत नाही. ते बायोमेडिकल सायंटिस्टचं काम, त्यांची वेगळी नोंदणी, वेगळी शिडी, आणि ते त्यात आपल्यापेक्षा तरबेज असतात. आमच्या नमुन्यांची लॅब तर दुसऱ्या शहरात आहे; बाटल्या व्हॅनने जातात. जंतूची ओळख माल्डी-टॉफ मशीन काही मिनिटांत पटवतं. मी स्क्रीनवर नाव वाचते. स्युडोमोनासचा तो द्राक्षांसारखा गोडसर वास, प्लेटभर लाटांसारखा पसरणारा प्रोटियस, रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या पिशव्या आणून ब्लड अगार ओतणारे आमचे लॅबमधले मामा, हे सगळं गेलं. टायफॉइडच्या प्लेटा आम्ही उघड्या टेबलावर हाताळायचो. मे महिन्यात, बर्नरची ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद करून. घाम टपकू नये म्हणून कपाळाला रुमाल. इथे साल्मोनेला टायफी तिसऱ्या धोका-गटात मोडतो, कॅबिनेट असलेल्या वेगळ्या बंदिस्त खोलीत उघडायचा, आणि फॉर्मवर 'नुकताच भारतातून परत' एवढं लिहिलेलं असलं की बाटली थेट तिकडेच. आमच्या बॅचमधल्या कोणाला लॅबमधून टायफॉइड झाला नाही. हे मी इथे एकदा अभिमानाने सांगितलं, तर सगळे माझ्याकडे सर्कशीतून सुटून आलेल्या माणसाकडे बघावं तसे बघायला लागले.

भाची सध्या नीट पीजीच्या रँककडे बघत बसली आहे. 'मावशी, मायक्रो घेऊ का? आई म्हणते, डॉक्टर होऊन डॉक्टर न होण्यासारखं आहे.' ताईचं म्हणणं अगदीच चूक नाही. आपल्याकडे या शाखेच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. २०२३मध्ये जागा भरण्यासाठी कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला, तेव्हा कोणत्या शाखांसाठी ते चाललंय हे सगळ्यांना कळत होतं.

तिला मी सांगितलं ते असं. एमडी करायचंच असेल तर रिपोर्टिंग रूममध्ये बसून राहू नकोस, आयसीयूच्या राउंडला जा, हाकललं तरी जा. इथल्या ट्रेनिंगमध्ये आता मायक्रोबायोलॉजी आणि संसर्गजन्य आजार एकत्र शिकवतात, त्यामुळे पेशंट न बघितलेल्या उमेदवाराला मुलाखतीत बोलायलाच काही उरत नाही. कोणतं औषध जंतूवर चालेल हे ठरवायला तिकडे बहुतेक लॅब सीएलएसआयचे (अमेरिकन) निकष वापरतात, इथे युकास्टचे (युरोपियन). २०१९पासून युकास्टच्या रिपोर्टातल्या 'आय' या अक्षराचा अर्थ 'अधलामधला' नाही, 'डोस वाढवला तर चालेल' असा आहे. एफआरसीपॅथ ही इथल्या पॅथॉलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजची परीक्षा पास झालीस तर त्यावर जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होऊ शकते, प्लॅब या परदेशी डॉक्टरांच्या परीक्षेची गरज नाही. पण परीक्षा म्हणजे नोकरी नाही. आधी फेलोची जागा, मग पोर्टफोलिओच्या वाटेने, म्हणजे इथलं ट्रेनिंग न करता अनुभवाचे पुरावे देऊन स्पेशालिस्ट व्हायचं तर, कागदांचे गठ्ठे, त्यात वर्षं जातात, आणि तेवढ्यात तिकडच्या मैत्रिणींची हॉस्पिटलं उभी राहिलेली असतात.

आणि इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालीस म्हणून हुरळून जाऊ नकोस. यॉर्कशायरचा सर्जन रात्री दोनला, थिएटरमधून, मास्कमधून बोलतो. सुरुवातीला मी त्याच्याकडून जंतूचं नाव दोनदा स्पेलिंगसकट वदवून घ्यायचे. अजूनही घेते, आता त्याला 'पेशंटच्या सुरक्षिततेसाठी' म्हणते.