माळ घातली की दारू सुटते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर आता कंटाळा येतो. हा प्रश्न बहुतेक वेळा घरातली बाई विचारते आणि तिला ‘हो’ ऐकायचं असतं. सुटते हो. पण माळेच्या आधीचे चार दिवस कुणी मोजत नाही.

रोज दोन क्वार्टर पिणारा एकादशी धरून एकदम बंद करतो, वर कडक उपास. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होतात: अंगावर किडे चालतात, कुणीतरी मारायला आलंय. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा. फुटपाथवर झोपणाऱ्याला फिट आली तर लोक ‘चढलीय’ म्हणून पुढे जातात. थांबलंच कुणी तर कांदा हुंगवतं, तोंडात साखरपाणी ओततं. शुद्ध नसताना ते फुफ्फुसात जातं. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा. डॉक्टरांना दारूचं स्पष्ट सांगा, कारण उपाशी दारुड्याला थायमिनशिवाय (म्हणजे ब-१ जीवनसत्त्व) नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आणि दारू सोडवायची गोळी आमटीत गुपचूप घालू नका; वर दारू गेली की रक्तदाब कोसळू शकतो.

पूर्वी मी इथेच थांबायचो. डॉक्टर झाला, बाकी भाबडेपणा. ते अर्धवट होतं. व्यसनमुक्ती केंद्रातला महिना संपला की घर नसलेला माणूस जाणार कुठे? त्याच पुलाखाली. नाक्यावरची मजुरी संध्याकाळी हातात पडते आणि गुत्ता वाटेवरच. सहा ते नऊ त्याला बसायला जागा हवी. हरिपाठ त्याच वेळी असतो, अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, मीटिंगही. दोन्हीकडे फुकट, आणि दोन दिवस दिसला नाही तर चौकशी होते.

वारीतही तेच. अडीच-तीन आठवडे दिंडीत जेवण, मुक्काम, चालायची जागा ठरलेली. मग ट्रक परत फिरतो आणि जागा संपते. माझ्या पाहण्यात घसरतात ते तेव्हा. म्हणून वारीला निघण्याआधीच परतल्यावरचा रात्रनिवारा आणि काम ठरवून ठेवा.

घसरला की तो लाजेनं माळ काढतो आणि हरिपाठालाही येत नाही. मीटिंगमध्ये दिवस पुन्हा एकपासून मोजतात, खुर्ची काढून घेत नाहीत. माळ घालणारे बुवा म्हणतात, शपथ मोडल्यावरही माळ गळ्यात राहिली तर ती शपथ कसली? त्यांचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.