मोटर का जळली, ते बिलावर लिहायचं

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्याची वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. बाबांनी इथे रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरण्याचा, गाळा घेतला तेव्हा काम यायचं ते लेथ, प्रेस, ब्लोअर आणि कॉम्प्रेसरच्या मोटरींचं. पुढे कारखाने एकेक करून बाहेर गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि घोडबंदर रस्त्याला माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत टॉवर उभे राहिले. आज आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मोटरी सोसायटीच्या पाण्याच्या पंपाच्या असतात. कारखान्याचा मेंटेनन्सवाला किती अँपियर घेतेय ते विचारायचा. सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, "संध्याकाळपर्यंत पाणी चढेल ना?"

बाबांनी घालून दिलेली पद्धत मात्र बदललेली नाही. वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, छिन्नी लावण्याआधी ते नीट बघायचं आणि मोटर का जळली ते बिलावर लिहून द्यायचं. कारण न शोधता नुसती तार भरून दिली, तर तीच मोटर महिन्याभरात टेम्पोतून परत येते आणि बोल लागतो तो आमच्या कामाला.

जळालेलं वाइंडिंग बरंच काही सांगतं. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर ओव्हरलोड: पंप जाम, बेअरिंग जड, नाहीतर व्होल्टेज सतत कमी. काही कॉइल कोळसा आणि मधल्या कोऱ्या, असा ठरावीक अंतराने येणारा पट्टा दिसला तर पुरवठ्याची एक फेज गेलेली होती. स्टार आणि डेल्टा या फेज जोडायच्या दोन पद्धती. त्यातही स्टार जोडणीत दोन फेज जळतात आणि एक वाचते, डेल्टात एक जळते आणि दोन वाचतात. एकाच जागी ठिपक्याएवढं जळून तांबं वितळलं असेल तर आट्यांमधला, म्हणजे तारेच्या वेढ्यांमधला, शॉर्ट. हा बहुधा तार भरताना तिच्यावरचा इनॅमलचा थर खरवडल्यामुळे होतो, म्हणजे आधी ज्याने भरली त्याचं ते काम. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, पत्र्यावर घासल्याची चकाकी दिसली तर बेअरिंग संपून रोटर, म्हणजे फिरणारा भाग, टेकलाय. वाइंडिंग पांढुरकं, शेवाळलेलं आणि खाली गंज असेल तर पंपाचं सील गळून पाणी आत आलंय. अशा वेळी सील न बदलता मोटर परत बसवणं म्हणजे पैसे पंपरूमच्या गटारात.

मग डेटा घ्यायचा. नेमप्लेट बहुतेक वेळा रंगाखाली गेलेली असते, म्हणून सगळं मोजूनच. स्टेटरच्या खाचा किती, पोल (चुंबकीय ध्रुव) किती, कॉइलची पिच (ती किती खाचा ओलांडते), एका कॉइलचे आटे, तारेचं गेज, किती तारा समांतर. ३६ खाचा आणि ४ पोल असतील तर एका पोलमागे एका फेजला ३ खाचा येतात. आटे एका कॉइलवरून धरायचे नाहीत, निदान दोन कॉइल उलगडून मोजायच्या, कारण आधीच्या कारागिराने हातचं राखलं असेल तर तीच चूक पुढे चालत राहते. आटे कमी पडले की मोटर रिकामी फिरतानाच जास्त अँपियर ओढते, जास्त झाले की जोर कमी पडतो. गेज मिळालं नाही तर क्षेत्रफळ जुळवायचं. १९ गेजच्या एका तारेऐवजी २२ च्या दोन समांतर चालतात: ०.८१ आणि ०.७९ चौरस मिलिमीटर, फरक नगण्य. शिवाय बारीक तार खाचेत बसवायलाही सोपी. तार, स्लीव्ह, कागद हा माल आम्ही मुंबईच्या लोहार चाळीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, आणतो.

जुनं वाइंडिंग काढताना बरेच जण स्टेटरवर गॅसची शेगडी लावतात किंवा रॉकेल ओतून पेटवतात. काम झटपट होतं, पण पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि मग मोटर कितीही चांगली भरा, कोअरच गरम होत राहतो. आम्ही एका बाजूची टोकं छिन्नीने कापतो, ओव्हनमध्ये वॉर्निश मऊ होईल इतकंच तापवतो आणि दुसऱ्या बाजूने ओढून काढतो. तापमान ३५० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. खाचा साफ झाल्या की कागद घालायचा. पंपाच्या मोटरीला आम्ही एफ क्लासचाच घालतो, म्हणजे १५५ अंश सोसणारा. कागद खाचेच्या दोन्ही बाजूंना ४-५ मिलिमीटर बाहेर हवा, नाहीतर तार कडेला घासून बॉडीला लागते, म्हणजे अर्थिंग होतं. कॉइल घातल्यावर बांबूची पट्टी, दोन फेजमध्ये वेगळा कागद, मग सुताची बांधणी.

सगळ्यात जास्त घाई होते ती वॉर्निशला. स्टेटर आधी १००-११० अंशांवर चार तास सुकवायचा, कोमट असताना वॉर्निशमध्ये बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा, अर्धा तास निथळायचा आणि १३० अंशांवर सहा ते आठ तास भाजायचा. जून-जुलैत आधीचं सुकवणं टाळलं तर दमट हवेतलं पाणी वॉर्निशखाली अडकतं आणि मेगरचा (इन्सुलेशन तपासायच्या मीटरचा) आकडा कधीच वर चढत नाही. वरून ब्रशने वॉर्निश मारून दोन तासांत दिलेली मोटर आम्ही देत नाही. सेक्रेटरींना तोपर्यंत आमची एखादी ५ एचपीची मोटर बसवून देतो. अशा तीन-चार मोटरी कायम तयार ठेवाव्या लागतात. त्यात भांडवल अडकतं, पण गिऱ्हाईक थांबतं ते त्यामुळेच.

तपासणीत तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा यायला हवा, दोन टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरवर नवं वाइंडिंग शंभर मेगओहमच्या वर दाखवायला हवं. बेअरिंग शाफ्टवर कधीही बाहेरच्या रिंगवर ठोकून बसवायचं नाही. ६२०६ नंबरचं बेअरिंग ११० अंशांपर्यंत तापवलं की हाताच्या दाबाने शाफ्टवर सरकतं.

दादा साइटवर जातो, तिथे खरी मारामारी असते ती पॅनलशी. ५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर साडेसात अँपियरच्या आसपास घेते, आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) नेमका १२ वर लावलेला सापडतो, कारण ट्रिप होतोय म्हणून वॉचमनने फिरवून ठेवलेला असतो. मोटर आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टावर नेणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरात तर हमखास घोळ. १० एचपीची मोटर १४ अँपियर घेते, पण रिले मेन लाइनऐवजी वाइंडिंगच्या फेजच्या वायरीत असेल तर तो ०.५८ पटीने, म्हणजे आठच्या आसपास लावावा लागतो. १४ वर लावला की तो असून नसल्यासारखा. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) आणि टाकीचा फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर पंप बंद करणारा) चालू आहेत का, हे बघून त्यांची नोंदही बिलावर होते. पाणीकपातीच्या दिवशी खालची टाकी रिकामी होते, फ्लोट अडकलेला असतो, पंप कोरडा फिरतो आणि आधी सील, मग मोटर जाते.

बोअरवेलच्या सबमर्सिबलचं तंत्र वेगळं. तिच्या पाण्याने भरलेल्या प्रकारात प्लास्टिकचं आवरण असलेली तार लागते. विहिरीत सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी तोंडापर्यंत भरलं नाही तर नवी तारही काही तासांत जाते.

पैशांचं सांगायचं तर या धंद्यात नफा तांब्याच्या भावावर हलतो. जळालेल्या तांब्याचं भंगार कुणाचं, यावरून वाद होतो, म्हणून आम्ही ते आधीच बिलात वजा दाखवतो. बाजारात स्वस्तात भरून मिळतं, त्यात पुष्कळदा ॲल्युमिनियमची तार असते. वरून तिचा रंग तांब्यासारखाच दिसतो. टोक ब्लेडने खरवडून बघावं, पांढरं निघालं तर समजायचं. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे त्याच खाचेत तीच मोटर गरमच चालणार. आणि लहान, जुन्या मोटरीचं वाइंडिंग नव्या मोटरीच्या निम्म्या किमतीवर जात असेल तर आम्ही नवीच घ्यायला सांगतो. त्या दिवशीचं काम जातं, जाऊ दे.

घराचं वेळापत्रक पाण्यावर चालतं. मार्च ते मे टाक्या रिकाम्या, पंप कोरडे. जूनमध्ये पंपरूममध्ये पाणी. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही कोकणात कधीच जात नाही. गणपतीला दोन भावांपैकी एक गावी, दुसरा दुकानात, पुढच्या वर्षी उलट. रात्री फोन आला तर आधी "मेन बंद करा आणि वास येतोय का बघा" हे आईसुद्धा सांगते.

वसुली वहिनीकडे. उद्यम नोंदणी असल्यामुळे २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, आणि उशीर झाला तर व्याज बँक दराच्या तिप्पट. सोसायट्यांना हे सांगून फारसा उपयोग नाही, पण कंपन्यांचे अकाउंटंट आता ऐकतात. आयकर कायद्यातल्या बदलामुळे आमचं थकवलेलं बिल त्यांना त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. वहिनी फेब्रुवारीतच फोन सुरू करते.

आता नव्या टॉवरमध्ये व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, चालणारे बूस्टर पंप आलेत. त्यांच्या मोटरी जळायच्या आधी बेअरिंग खातात. ड्राइव्हमुळे शाफ्टवर करंट येतो आणि बेअरिंगच्या रिंगवर आडव्या रेषा पडतात. बेअरिंग कापून त्या रेषा दिसल्या की नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही, शाफ्टला अर्थिंग ब्रश लावावा लागतो. दादाचा मुलगा वागळेच्याच आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालाय. हे काम सध्या त्याच्याकडे आहे, आणि बिलावर कारणही तोच लिहितो.