आमच्या नावाची बनावट वेबसाइट: डोमेन परत मिळवण्याचा माझा अनुभव

"तुमच्या स्टँडची बिजागरी दुसऱ्याच दिवशी निखळली, आणि तुम्ही मेलला साधं उत्तरही देत नाही." एका ग्राहकाच्या या मेलने सगळं सुरू झालं. सोबत फोटो होता. आम्ही घडीचे लॅपटॉप स्टँड बनवतो, ॲल्युमिनियमचे. फोटोतला स्टँड प्लास्टिकचा, वर चंदेरी रंग मारलेला.

त्यांनी दिलेली लिंक उघडली. आमचंच नाव, त्यापुढे 'स्टोअर' चिकटवलेलं आणि शेवटी डॉट कॉम. लोगो आमचा, वर्णनही आमचंच, आमच्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट. फोटोंचं तर विचारूच नका. स्टँड धरलेल्या हाताच्या अंगठ्याचं नख काळंनिळं दिसतंय ना, तो अंगठा माझा. फोटो काढायच्या आदल्या दिवशी त्यावर पाना पडला होता.

डोकं फिरलं आणि मी पहिली चूक केली. त्याच साइटवरच्या फॉर्ममधून धमकी धाडली, 'चोवीस तासांत बंद करा, नाहीतर कोर्टात खेचतो.' सकाळी पाहतो तर अंगठ्याचे फोटो गायब, बाकी दुकान चालूच. माझ्या भागीदाराने रात्रीच प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवले होते, म्हणून वाचलो. आधी पुरावा गोळा करायचा, आवाज नंतर चढवायचा, हे मला उलट्या क्रमाने समजलं.

कोर्टात खेचायचं तरी कुणाला? डोमेनच्या नोंदणीत मालकाचं नाव झाकलेलं. वकीलबाईंनी युडीआरपीचा रस्ता दाखवला. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये आणलेली ही डोमेनचे तंटे सोडवण्याची पद्धत. डॉट कॉम घेणारा जगात कुठेही बसलेला असो, नोंदणीच्या करारातच त्याने ती मान्य केलेली असते. तक्रार आम्ही जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवाद केंद्राकडे, ईमेलनेच केली. एक ते पाच डोमेन आणि एकच पॅनेलिस्ट, म्हणजे निवाडा करणारा तज्ज्ञ, असेल तर फी १,५०० डॉलर. वकिलांचे पैसे वेगळे. जिंकलात तरी हा खर्च समोरच्याकडून वसूल होत नाही, तेव्हा हिशोब आधीच करा.

मी रात्रभर बसून मसुदा लिहिला. निम्मा बिजागरीवर होता. वकीलबाईंनी तो चाळला आणि म्हणाल्या, "इथे बिजागरीचा निवाडा होत नाही हो." वायपोत तक्रारीला ५,००० शब्दांची मर्यादा आहे, आणि सिद्ध करायच्या गोष्टी तीनच, पण तिन्ही. डोमेन आमच्या ट्रेडमार्कशी गोंधळ व्हावा इतकं सारखं आहे, हे सोपं होतं. 'स्टोअर' जोडल्याने फरक पडत नाही. समोरच्याचा त्या नावावर कसलाच वाजवी हक्क नाही, ही दुसरी. नसलेली गोष्ट सिद्ध कशी करायची, असं मला वाटलं होतं. पण आपण प्रथमदर्शनी बाजू मांडली की खुलासा करायची वेळ त्याच्यावर येते.

खरी मेहनत तिसऱ्या मुद्द्याला. डोमेन घेताना हेतू वाईट होता आणि वापरतानाही, दोन्ही दाखवावं लागतं. ते ठरतं तारखांवर. आमचा ट्रेडमार्क आणि विक्री डोमेनच्या आधीची होती. उलट असतं तर बहुधा हात हलवत परत आलो असतो. जुनी बिलं आणि अंगठ्याच्या फोटोची मूळ फाइल जोडली. इथे मात्र त्या तुटक्या बिजागरीचा मेल कामी आला. माल वाईट म्हणून नव्हे, तर लोक खरोखरच फसून त्यांना 'आम्ही' समजतायत म्हणून.

पुढचं बरंचसं वाट बघणं. केंद्राने विचारणा केली की रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीने, दोन कामकाजाच्या दिवसांत, मालकाला न कळवता, डोमेन गोठवायचं असतं. २०१५ पासून तसा नियम आहे. त्याआधी तक्रारीची प्रत थेट समोरच्याला द्यावी लागे, आणि तो डोमेन दुसऱ्याच्या नावावर करून मोकळा. रजिस्ट्रारकडून खरं नाव आलं तेव्हा मी आशेने पाहिलं, अगदीच अनोळखी. तक्रारीत दुरुस्ती करायला पाच दिवस मिळाले. मग प्रतिवादीला उत्तरासाठी वीस दिवस. रोज उठून मेल बघत होतो. उत्तर नाही. गप्प बसला म्हणून आपण आपोआप जिंकत नाही, तिन्ही मुद्दे तरीही तपासले जातात.

निकाल आमच्या बाजूने लागला. माझ्या अंगठ्याला त्यात अर्धं वाक्य मिळालं. मागता येतं ते फक्त रद्द करणं किंवा हस्तांतरण, भरपाई नाहीच. रद्द केलं तर उद्या दुसरा कुणी तेच नाव घेईल, म्हणून आम्ही हस्तांतरण मागितलं होतं. कोर्टात जायला समोरच्याला दहा कामकाजाचे दिवस असतात. ते सरले आणि डोमेन आमच्या खात्यात आलं.

डोमेनबरोबर त्यावर येणारे मेलही आले. पहिल्याच आठवड्यात अकरा जणांनी विचारलं, "माझा स्टँड कुठे आहे?" प्रत्येकाला लिहिलं की ती साइट आमची नव्हती, बँकेकडे किंवा कार्ड कंपनीकडे त्या व्यवहाराची लगेच तक्रार करा. एका बाईंचं उलट उत्तर आलं, "पण तुम्ही तरी खरे कशावरून?" मी निकालाची लिंक पाठवली.