तुम्ही विचारलंत म्हणून: दाणे एकेक करून का निवडते?

पीनट बटर करायला अर्धा किलो दाणे परातीत ओतले, की कुणीतरी म्हणतंच, "सोनं पारखतेस का गं? मिक्सरमध्ये सगळं एकच होणार." नेमकं म्हणूनच निवडते.

मीही पूर्वी निवडत नव्हते. कूट करताना कराडच्या आमच्या घरात कुणी निवडलेले दाणे मी पाहिले नाहीत. भाजलं की सगळं मरतं, असं मी ठामपणे सांगायची.

मग आप्पांचे दात काढले. कवळी बसायला अवकाश होता. जन्मभर खिशात दाणे-गूळ बाळगणारा माणूस भाकरी दुधात कुस्करून खायला लागला. म्हटलं, दाणेच मऊ करून देऊ. दाणे घरचेच, पण काढणीला परतीच्या पावसात सापडलेल्या शेंगांचे, तसेच पोत्यात भरलेले. मंद आचेवर भाजले, सालं पाखडली, मिक्सर थांबवून थांबवून फिरवला. आधी कूट झालं, मग भांड्याच्या कडेला चिकटणारा गोळा, आणि मग तेल सुटून सगळं सैल झालं. (वरून तेल घालत नाही, हेही सांगून टाकते. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं.) चिमूटभर मीठ घातलं आणि चव न घेताच बरणी भरली. घाई होती, एवढंच कारण.

आप्पांनी तीन दिवस खाल्लं. दोन्ही वेळा, भाकरीला लावून. विचारलं की "ब्येस झालंय" म्हणायचे. चौथ्या दिवशी आईनं बोट लावून चाखलं आणि मोरीकडे धावली. कडू जहर. मी आप्पांवरच चिडले, बोलला का नाहीत म्हणून. ते शांतपणे म्हणाले, "दात असतं तर दाताखाली आल्या आल्या थुकलं असतं. ह्यात कुठला थुकू?"

ते वाक्य अजून माझ्या अंगावर येतं. अख्खा दाणा खाणारा स्वतः ठरवतो, गिळायचा की टाकायचा. वाटलेल्या दाण्यात ते मी त्याच्या वतीनं आधीच ठरवलेलं असतं.

आप्पांना काही झालं नाही. मग एवढा बाऊ कशाला, असं मीच मला विचारते. पण 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीनं लाखभर टर्की पक्षी मेले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष माहीत झालं. भाजल्यानं ते थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. म्हणून सुरकुतलेला, काळपट, भोक पडलेला, बुरशीचा दाणा मी काढते. हेही कबूल करते, की कडूपणा आणि विष एक नव्हे. दिसायला चांगल्या दाण्यातही ते असू शकतं, चवीला कळत नाही. म्हणजे माझ्या निवडण्यानं धोका कमी होतो, संपत नाही. हे ठाऊक असूनही निवडते.

"काढलेले दाणे म्हशीला तरी घाल," म्हणता. नाही घालत. ते विष दुधात उतरतं. परसात खड्डा करून पुरते. आई दारात उभी राहून हळहळते. तिनं दुष्काळात दाणा दाणा वेचलाय. तिला काय सांगावं, ते मला अजून सुचलेलं नाही.