उतरताना

अंतराळयानाचं उड्डाण मी हल्ली बघतेच असं नाही. उलटी मोजणी, धूर, टाळ्या, झालं. यान परत येतं तेव्हा मात्र ठाण मांडून बसते. 15 जुलै 2025 ला शुभांशु शुक्लांचं ड्रॅगन वातावरणात शिरलं आणि संपर्क तुटला. तो तुटणार हे आधीच ठाऊक असतं. यानाभोवती तापलेल्या वायूचं आवरण तयार होतं, रेडिओ लहरी त्यातून नीट जात नाहीत. तरी ती मिनिटं सरता सरत नाहीत.

खरं तर अगदी पहिल्या वेळेपासून घोळ आहे तो उतरण्याचाच. 12 एप्रिल 1961 ला पहिला अंतराळवीर गागारिन यानासकट उतरलाच नाही. साधारण सात किलोमीटर उंचीवर तो आसनासह बाहेर फेकला गेला आणि वेगळ्या पॅराशूटने खाली आला. विक्रमाच्या नियमांप्रमाणे वैमानिकाने यानातच उतरायला हवं होतं, म्हणून सोव्हिएत सरकारने ही गोष्ट कित्येक वर्षं दडवली.

माझा लाडका किस्सा व्हॉसखोद-2 या सोव्हिएत यानाचा. मार्च 1965. लिओनॉव्ह माणसाच्या इतिहासात पहिल्यांदा यानाबाहेर तरंगला, पण निर्वातात त्याचा सूट इतका फुगला की आत शिरता येईना. शेवटी त्याने सूटमधली हवा थोडी सोडली आणि कसाबसा आत आला. सगळे इथेच थांबतात. पुढची गंमत (त्याला आणि यानातल्या त्याच्या जोडीदाराला, बेल्यायेव्हला, ती गंमत वाटली नसणार) अशी की परतताना यानाची दिशा साधणारी स्वयंचलित यंत्रणा बंद पडली. बेल्यायेव्हने ती हाताने साधली. त्या चिंचोळ्या जागेत बाहेर बघायचं तर त्याला आडवं व्हावं लागलं. मग पुन्हा आपापल्या जागी बसण्यात काही सेकंद गेली आणि यान ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, उरलच्या बर्फाळ जंगलात पडलं. झाडी एवढी दाट की हेलिकॉप्टर उतरेना. दोन रात्री तिथेच काढून दोघं स्कीवरून बाहेर आले. पुढे सोयुझ या नंतरच्या सोव्हिएत यानांच्या आपत्कालीन सामानात तीन नळ्यांचं एक पिस्तूल असायचं, ते अशाच जंगलांसाठी.

सोयुझ-11 बद्दल हलकंफुलकं लिहिता येत नाही. जून 1971. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह सॅल्यूत स्थानकावर तीन आठवडे राहून निघाले. यानाचे भाग वेगळे होताना धक्क्याने एक झडप उघडली आणि हवा निघून गेली. यान स्वयंचलितपणे अगदी व्यवस्थित उतरलं. बचाव पथकाने दार उघडलं तेव्हा तिघंही गेलेले होते. अंगात दाबाचे सूट नव्हते, कारण ते घातले तर तिघं मावत नव्हते.

त्यानंतर सोयुझमधून दोघंच जाऊ लागले, सूट घालून. तिसऱ्याची जागा परत मिळायला नोव्हेंबर 1980 उजाडावा लागला. सोयुझ टी-3 मध्ये पुन्हा तिघं बसले, आणि तिघांच्याही अंगात सूट होते.