तुम्ही विचारलंत म्हणून: डीएनएच्या गाठीवर औषध, मग निरोगी पेशींचं काय?

जी-क्वाड्रुप्लेक्सचा, म्हणजे डीएनएच्या चौपदरी गाठीचा, विषय निघाला की हा प्रश्न येतोच: "ही चौपदरी गाठ निरोगी पेशींतही असते ना? मग कर्करोगाचं औषध तिला कसं सोडतं?"

सोडत नाही. तिथेही जाऊन बसतं. फरक पडतो तो नंतर.

चार ग्वानिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी) एका पातळीत चौकोन करतात, असे दोन-तीन चौकोन एकावर एक रचले जातात आणि मधल्या पोकळीत पोटॅशियमचा आयन बसतो. टेलोमिअरमध्ये (गुणसूत्राच्या टोकाला) आणि कर्करोगाशी जोडलेल्या मायक जनुकाच्या प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या भागात, अशा जागा आहेत. शुद्ध केलेल्या मानवी डीएनएत पायरिडोस्टॅटिन हा गाठ धरणारा रेणू घातला, तर अशा 7 लाखांवर जागा मिळतात. त्वचेच्या अमर झालेल्या (अखंड विभागत राहणाऱ्या) पेशींच्या क्रोमॅटिनमध्ये, म्हणजे प्रथिनांवर गुंडाळलेल्या डीएनएत, अँटिबॉडीनं शोधलं तेव्हा मात्र सुमारे 10,000 सापडल्या.

औषध ही गाठ घट्ट धरून ठेवतं. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडखळते आणि धागा तुटतो. निरोगी पेशी तो तुकडा बीआरसीए1, बीआरसीए2 या दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांच्या मदतीनं सांधते. ज्या ट्यूमरमध्ये ही दुरुस्तीच बिघडलेली असते, तो मरतो. सीएक्स-5461 हे प्रायोगिक औषध याच तत्त्वावर चालतं, हे 2017 मध्ये दिसलं. त्याआधी ते आरएनए पॉलिमरेज-1 हे (रायबोसोमचा आरएनए बनवणारं) एन्झाइम रोखणारं म्हणूनच ओळखलं जाई.

गाठ धरणारा रेणू शोधणं आमच्या मते सोपं. सपाट, मोठा, धन प्रभार असलेला कुठलाही रेणू चौकोनावर चिकटतो. तो साध्या दुहेरी डीएनएलाही चिकटतो का, हे तपासताना दमछाक होते. टीएमपीवायपी4 हा रेणू इथेच घसरतो: तो दोन्हींना चिकटतो.

चाचणी अशी: गाठ बांधणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या एका टोकाला फॅम, दुसऱ्याला टॅमरा, हे दोन चमकणारे रंग; गाठ वितळली की टोकं दूर जातात आणि फॅमची चमक वाढते. 95 अंशांवर 5 मिनिटं तापवून हळूहळू थंड करायचं. 0.2 मायक्रोमोलर डीएनए, 1 मायक्रोमोलर औषध, आणि वितळण्याचं तापमान किती वाढलं ते बघायचं. मायकची गाठ 100 मिलिमोलर पोटॅशियममध्ये आधीच इतकी पक्की असते की वाढ मोजायला जागाच उरत नाही; म्हणून पोटॅशियम 1 मिलिमोलर, बाकी लिथियम. सोडियम वापरू नका, टेलोमिअरची घडीच बदलते. दुहेरी डीएनए जादा घालूनही वाढ टिकली, तरच आकड्यावर भरवसा ठेवा. औषध स्वतः चमकत असेल किंवा फॅमची चमक विझवत असेल, तर आलेख सुंदर येतो आणि खोटा असतो.

कॅनडात माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात 40 रुग्णांना सीएक्स-5461 दिलं. 14 टक्क्यांत ट्यूमर आक्रसले, मुख्यतः दुरुस्ती बिघडलेल्या रुग्णांत. मात्रेची मर्यादा ठरवली ती प्रकाशामुळे होणाऱ्या इजेनं: उन्हात त्वचा भाजे. आणि काही रुग्णांच्या ट्यूमरमध्ये बीआरसीए2 किंवा पीएएलबी2 (हेही दुरुस्तीचंच) जनुक नव्या बदलानं पुन्हा चालू झालं. दुरुस्ती परत आली की औषधाची पकडही सुटते.