आज किती दुखतंय?

सोमवारी सकाळी सातच्या वेळेला येणारे माझे एक पेशंट मार्चपासून एकच टोपी घालून यायचे. निळी, समोर पांढरा घोड्याचा नाल. आमच्या शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाची, इंडियानापोलिस कोल्ट्सची. खांद्याचं ऑपरेशन होऊन उजवा हात झोळीत होता तेव्हासुद्धा डाव्या हातानं ती काढायची, नीट खुर्चीवर ठेवायची आणि मगच पलंगावर आडवं व्हायचं, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. 26 ऑगस्ट 2019च्या सोमवारी ते बोडक्या डोक्यानं आले.

मी काही विचारलं नाही. त्या सकाळी आमच्या शहरात कुणाला काही विचारायची सोय नव्हती. शनिवारी रात्री कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लकनं निवृत्ती घेतली होती. वय 29. तिसावा वाढदिवस तीन आठवड्यांच्या आत आणि नवा मोसम दोन आठवड्यांवर.

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांना क्वार्टरबॅक म्हणजे काय ते सांगायला हवं. संघाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं आणि तेवढ्या वेळात समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवा करायला धावत येत असतात. त्याचं डोकं पुढच्या मैदानाकडे, हात मागे ताणलेला, बरगड्या उघड्या. फिजिओच्या नजरेनं पाहिलं तर याहून वाईट अवस्थेत कुणी मार खाऊ नये.

या शहरानं आधीचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगवर जीव लावला होता. मानेच्या दुखण्यानं तो 2011चा अख्खा मोसम बसून राहिला, संघ 16पैकी 14 सामने हरला आणि 2012च्या मार्चमध्ये क्लबनं त्याला सोडलं. पुढच्याच महिन्यात स्टॅनफर्ड विद्यापीठातून लक आला, त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर. पहिल्याच मोसमात त्यानं 11 सामने जिंकून दिले. 2014च्या जानेवारीत कॅन्सस सिटीविरुद्ध बाद फेरीत संघ 28 गुणांनी मागे होता. एका चालीत आपल्याच गड्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलून तो माणसांच्या ढिगातून घुसला आणि गुण घेऊन आला. सामना 45-44 असा जिंकला. ती चाल इथली माणसं अजून हातवारे करून दाखवतात. माझ्या पलंगावर आडवं पडूनसुद्धा दाखवतात, मला हात धरून ठेवावा लागतो.

आणखी एका गोष्टीसाठी लोकांना तो आवडायचा. जो गडी त्याला आपटायचा त्यालाच तो उठता उठता शाबासकी द्यायचा. मनापासून. फटका किती जोरात बसला हे त्यामुळे बघणाऱ्याच्या ध्यानातच यायचं नाही.

फटके मात्र बसत होते. बरगड्यांची कूर्चा फाटली. पोटाचा स्नायू फाटला. मूत्रपिंडाला जखम होऊन लघवीतून रक्त गेलं. फेकायच्या उजव्या खांद्याच्या खोबणीची कड फाटली. त्या खांद्यानिशी तो खेळत राहिला, 2017च्या जानेवारीत ऑपरेशन झालं आणि ते सबंध वर्ष गेलं. उपचारांसाठी तो नेदरलँड्सला जाऊन राहिला. परतल्यावर 2018च्या जूनमध्ये त्यानं सरावाला नेहमीपेक्षा जरा लहान चेंडू घेतला तेव्हा इथं चिंतेच्या बातम्या आल्या. मला ती बातमी फार आवडली होती. कारण रिहॅब म्हणजे तेच असतं: लहान चेंडू, पिवळा रबर बँड, अर्ध्या किलोचं वजन, आणि काल जमलं ते आज जमेलच याची खात्री नाही. त्या मोसमात त्यानं 39 टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकले, पुनरागमनाचा पुरस्कार घेतला. मग 2019च्या उन्हाळ्यात पोटरी धरली, ती कळ घोट्यापर्यंत उतरली, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

त्या शनिवारी आम्ही एका मित्राच्या तळघरात लेझीम बसवत होतो. 2 सप्टेंबरला गणपती. कोपऱ्यातल्या टीव्हीवर आवाज बंद करून शिकागोविरुद्धचा सराव सामना चालू होता. शेवटच्या टप्प्यात कुणाचा तरी फोन वाजला, मग सगळ्यांचेच. हलगीवाला आधी थांबला. मैदानाच्या कडेला साध्या कपड्यांत उभ्या असलेल्या लकवर कॅमेरा पुन्हा पुन्हा जात होता. बातमी त्याच्या तोंडून नव्हे, बाहेरून फुटली होती. तो रविवारी सांगणार होता. सामना संपून तो बोगद्याकडे निघाला तेव्हा कुणीतरी आवाज वाढवला आणि हुर्यो ऐकू आली. त्याच्याच शहरात, त्याच्याच मैदानावर, त्याच्याच 12 नंबरची जर्सी घातलेल्या लोकांनी उडवलेली हुर्यो.

आमच्यातल्याही दोघांचा तोल गेला. "दोन आठवडे आधी? ही काय वेळ झाली?" मी तिथून बाहेर पडले, गाडीत बसले आणि फोनवर त्याची पत्रकार परिषद पाहिली. रडत रडत, कागदावरून वाचून तो बोलत होता. चार वर्षं दुखापत, वेदना, रिहॅब, पुन्हा दुखापत, वेदना, रिहॅब या चक्रात अडकलोय, खेळातला आनंदच त्यानं हिरावून घेतलाय, असं तो म्हणाला. 2016मध्ये दुखणं घेऊन खेळलो, तेव्हाच पुन्हा या वाटेनं जायचं नाही असं स्वतःला वचन दिलं होतं, असंही म्हणाला. हुर्योबद्दल विचारलं तेव्हा ऐकू आली नाही असं खोटं बोलला नाही. लागलं, म्हणाला.

त्याच रात्री एका क्रीडा समालोचकानं लिहिलं, की रिहॅब जड जातं म्हणून निवृत्त होणं ही अगदी या पिढीची तऱ्हा. मी ते वाचून झोपू शकले नाही. या माणसानं ऑपरेशननंतरच्या आठव्या आठवड्यातला खांदा कधी हातात धरला आहे का? सांधा आखडू नये म्हणून तो हात रोज थोडा थोडा वर न्यावा लागतो, आणि पेशंटच्या कपाळावर घाम येतो तेव्हा "अजून पाच अंश" म्हणणारी मी असते. मोठी, दणकट माणसं त्या पाच अंशांना आईची आठवण काढतात.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे दादरला फोन केला. बाबांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण खेळाडूची गोष्ट म्हटली की ते ऐकतात. मी हुर्योपाशी आले तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "मीपण होतो गं. वानखेडेवर. 2006ला."

ती मॅच मला आठवते. मार्च महिना, इंग्लंडविरुद्धची कसोटी, मी तेव्हा फिजिओथेरपीला होते. सचिन 21 चेंडूंत 1 धाव करून बाद झाला आणि वानखेडेच्या काही भागांतून त्याची हुर्यो झाली. वानखेडेवर, सचिनची! घरी आल्यावर बाबा कोण कोण ओरडलं याबद्दल तावातावानं बोलले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत लंडनला त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. आमच्या वर्गात सर त्यावर तासभर बोलले.

"तुम्ही ओरडलात, बाबा?"

"शेजारचे ओरडले. मग मीही. खांद्याचं काय माहीत आपल्याला?" थोड्या वेळानं म्हणाले, "पेपरात ऑपरेशनचं वाचलं तेव्हा चहा गेला नाही मला." तेरा वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही.

तर सोमवारी सात वाजता मी त्या पेशंटचा उजवा हात हातात घेतला. वय पंचावन्नच्या पुढे. एका मोठ्या गोदामात रात्रपाळीला ट्रकमधून खोकी उतरवायचं काम, आयुष्यभर. खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचा, म्हणजे रोटेटर कफचा, कंडरा हाडापासून सुटला होता, तो मार्चमध्ये पुन्हा शिवला. आता तेवीस आठवडे झाले होते. विम्याच्या मंजूर भेटींपैकी तीन उरल्या होत्या, आणि पूर्ण कामावर रुजू होण्याच्या फॉर्मवर मला त्या आठवड्यात तारीख भरायची होती.

"शून्य ते दहा, आज किती दुखतंय?"

"तीन."

पहिल्या दिवसापासून त्यांचा आकडा तीन. ऑपरेशननंतर पंधरवड्यानं तीन, जूनमध्ये तीन, कालपरवाही तीन. मी लिहून टाकला.

हात वर नेता नेता ते आपणहून म्हणाले, "मी तिथं होतो. मुलाबरोबर." आणि मग, छताकडे बघत, "मी ओरडलो."

मी काही बोलले नाही.

"सगळे ओरडत होते. मी दोन्ही हात तोंडाशी नेले. डावा गेला. उजव्याचं कोपर जरा वर उचललं आणि अशी कळ आली, की माझा आवाज मध्येच तुटला. मुलानं विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही." त्यांनी डोळे मिटले. "त्याचाही उजवाच ना?"

"हो. उजवाच."

मग मी त्यांना वानखेडेची गोष्ट सांगितली. बाबांचीही. ती सांगायची माझी तयारी नव्हती, पण सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढं काय झालं त्या खेळाडूचं?"

"आणखी सात वर्षं खेळला. शेवटचा सामना त्याच मैदानावर. अख्खं मैदान रडत होतं."

"म्हणजे तुमच्या वडिलांना टाळ्या वाजवायची संधी मिळाली," ते म्हणाले. "मला नाही मिळायची."

खरं होतं. माझी गोष्ट त्यांच्या कामाची नव्हती. मी त्यांना उठून बसायला मदत केली.

बसल्यावर ते जे बोलले ते मी आजवर अनेकांना सांगितलं आहे. क्लबचा राग नव्हता त्यांना, हरण्याचाही नाही. 1984 साली कोल्ट्सचं सामान रातोरात बाल्टिमोरहून ट्रकांत भरून या शहरात आलं तेव्हापासून ते हा संघ बघत होते. हरणं त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. "मला राग आला तो त्याला थांबता आलं याचा," ते म्हणाले. "दुखतंय म्हणाला आणि थांबला. मला कुणी सांगितलंच नव्हतं असं करता येतं."

टीव्हीवर दोन दिवस जे लोक बोलत होते त्यांच्यापैकी कुणीच हे म्हटलं नव्हतं. चाहते स्वार्थी आहेत, की खेळाडू कच्चा आहे, एवढंच चालू होतं. आणि इथं एक माणूस सांगत होता की खेळाडूच्या खांद्याशी त्याचं आधीपासून नातं होतं, फक्त त्याच्याकडे करोडो डॉलर नव्हते आणि घरी कर्ज होतं. लक फटका खाऊन उठायचा, हसायचा, पुढची चाल खेळायचा. रात्रपाळीला जाणाऱ्या माणसानं त्याच्याकडे बघून काय शिकायचं? तेच तो शिकला होता. मग एका शनिवारी शिकवणाऱ्यानंच सांगितलं की ते सगळं खोटं होतं, दुखत होतं.

वजनाची चाचणी बाकी होती. पंधरा पौंडांचं खोकं कमरेपासून डोक्यावरच्या फळीवर ठेवायचं, दहा वेळा. एरवी मी शेजारी उभी राहून मोजते आणि सातव्या-आठव्याला "शाबास, अजून दोनच" म्हणते. त्या दिवशी चौथ्यालाच त्यांचा खांदा कानाकडे चढायला लागला. हे मी आधीही पाहिलं होतं. आधीच्या आठवड्यातही पाहिलं होतं. फाइलमध्ये 'तीन' लिहिलेलं असायचं आणि मी त्या आकड्यावर विश्वास ठेवत होते, कारण तो मलाही सोयीचा होता: पेशंट सुधारतोय, भेटी संपताहेत, तारीख जवळ येतेय. इतक्या वर्षांच्या कामानंतर मी चेहऱ्याऐवजी कागद वाचत होते.

पाचव्या वेळी खोकं छातीपर्यंत आलं आणि थरथरलं. मी तोंड उघडलं, पण काही बोलले नाही.

त्यांनी ते हळूच खाली टेबलावर ठेवलं. स्वतःहून. दोन्ही हात त्यावर टेकवून उभे राहिले.

"मला पुन्हा विचारा," म्हणाले.

"काय?"

"सुरुवातीला विचारता ते."

"शून्य ते दहा, किती दुखतंय?"

"सात."

मी फाइल उघडली, सकाळचा 3 खोडला. "आत्ता खोकं उचलल्यामुळे? की आज सकाळपासून?"

"रोज," ते म्हणाले.

फॉर्मवरची तारीख मी कोरी ठेवली आणि ते खोलीत असतानाच सर्जनना फोन लावला.